टेक्सासमध्ये बोर्डिंग होम की असिस्टेड लिव्हिंग?

बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. फरक आंघोळीत आहे. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आंघोळ घालणं, कपडे चढवणं, भरवणं हे सगळं येतं; म्हणून ४ किंवा जास्त रहिवासी असले की राज्याचा परवाना सक्तीचा.

बोर्डिंग होममध्ये ३ किंवा जास्त वृद्ध वा अपंग माणसं राहतात. जेवण, धुणं, पैशांचा हिशेब, गोळ्या घ्यायला मदत, बस्स. यांच्यावर नियम करायचे की नाही, हे २००९च्या कायद्याने शहरांवर आणि काउंटींवर (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांवर) सोडलं. डॅलसने केले, सगळ्यांनी नाही. म्हणजे हद्द ओलांडली की तपासणी गायब! (राज्याने हात झटकले, असंच मला वाटतं.)

आंघोळीला मदत लागणाऱ्या माणसाला बोर्डिंग होममध्ये ठेवू नये, भाडं कितीही परवडलं तरी.