जुन्या बागेतील बोगनवेल बोन्सायसाठी काढून देणारी सेवा

पुण्यातील आमच्या जुन्या बंगल्याचा पुनर्विकास ठरला, तेव्हा कुंपणालगतची, मांडीएवढ्या जाड बुंध्याची बोगनवेल वाचावी, म्हणून मी एका रोपवाटिकेची झाड काढून कुंडीत लावून देण्याची सेवा घेतली. आवारातील वृक्षांना हात लावायचा असेल, तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागेल, हे त्यांनी आधीच बजावले, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

फेब्रुवारीअखेरीस त्यांनी प्रथम सर्व फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती चर खणला, जाड मुळे करवतीने नीट कापली आणि मुळांचा गोळा ओल्या गोणपाटात बांधला. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात आणि हिसका बसताच तुटतात. तरीही शेवटी घाईने पहार लावल्यामुळे एका बाजूचे चांगले मूळ चिरले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण बोन्सायमध्ये बुंध्याच्या पायथ्याशी चहूबाजूंनी पसरलेली मुळेच झाडाला जुनेपणाचे रूप देतात. कुंडीत भरलेली शेणखतमिश्रित माती तर चुकीचीच होती. छाटलेल्या मुळांना पाण्याचा झटपट निचरा लागतो, म्हणून मी ती बदलून विटांचा चुरा आणि जाड वाळू भरली.

पाचव्या आठवड्यात फुटवे आले. नवी मुळे फुटण्याआधी बुंध्यात साठलेल्या अन्नावरही अशी पालवी फुटते, म्हणून झाड जगले असे समजून ते लगेच हलवू नये, हे मात्र त्यांनी ग्राहकाला सांगायलाच हवे होते.