जुन्या कार्नेगी ग्रंथालयातील घर आणि कार्यालय: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

इंडियाना राज्यातील एका लहान गावातले जुने ग्रंथालय विकत घेऊन आम्ही तिथे घर आणि हिशेबतपासणीचे कार्यालय थाटले, त्याला आता अकरा महिने झाले. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अमेरिकेत सोळाशेहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली आणि त्यांतली सर्वाधिक याच राज्यात बांधली गेली, त्यामुळे अशी वास्तू घेण्याचा विचार करणारे इथे आणखीही असतील.

कार्यालय म्हणून ही जागा पहिल्या दिवसापासून मनासारखी आहे. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ साली काढलेल्या सूचनापत्रकात मुख्य दालन १२ ते १५ फूट उंच असावे आणि भिंतीला कपाटे लावता यावीत म्हणून बाजूच्या खिडक्या जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर घ्याव्यात, असे सुचवले होते. आमची वास्तू याच बेताची आहे. उजेड वरून उतरतो, डोळ्यांवर येत नाही, आणि दुपारी चारपर्यंत दिवा न लावता बारीक आकडे वाचता येतात.

घर म्हणून मात्र याच खिडक्यांनी आमची परीक्षा पाहिली. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "उजेड भरपूर आहे गं, पण रस्त्यावरून कोण चाललंय ते काही कळत नाही." शेवटी एका खिडकीखाली अडीच फूट उंचीचा लाकडी चौथरा बांधून त्याला कठडा केला आणि वर खुर्ची ठेवली. त्या तिथेच बसून भाजी निवडत आणि पोस्टाची गाडी आली की आम्हाला सांगत. एवढ्या मोठ्या कामात सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी ठरलेला बदल हाच.

हीटिंगच्या बाबतीत आमची फसगत झाली. ज्या कंत्राटदाराला काम दिले, त्याने यंत्रणेचा हिशेब केवळ चौरस फुटांवर केला, छताची उंची धरलीच नाही. जानेवारीत टेबलावरचा चहा पाच मिनिटांत गार होई आणि शिडीवर चढून वरच्या कप्प्याला हात लावला की तिथे चैत्रातली ऊब लागे. खोल्या गरम ठेवणारे जुने रेडिएटर दुरुस्त करून घेतले, खिडक्यांना आतून दुसरी काच बसवली आणि वरची ऊब खाली यावी म्हणून छताचे पंखे उलट्या दिशेने मंद फिरते ठेवले, तेव्हा कुठे घर राहण्याजोगे झाले.

खालचा मजला चार फूट जमिनीत आहे. तिथे झोपण्याच्या खोल्या करायच्या, तर संकटात बाहेर पडता येईल अशी, उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा देणारी आणि खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत सुरू होणारी खिडकी नियमाने लागते. त्यासाठी दगडी भिंत कापावी लागली. हा खर्च आमच्या अंदाजपत्रकात नव्हता, तुम्ही तो आधीच धरावा.

दर्शनी बाजूच्या नऊ दगडी पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत. याच पायऱ्यांमुळे ग्रंथालय नव्या इमारतीत गेले, आणि गुडघे दुखणाऱ्या आमच्या अशिलांसाठी आजही कागदपत्रे घेऊन मीच खाली उतरते. मागच्या दाराला उतार बांधण्याचे काम बर्फ वितळल्यावर सुरू होईल.