मराठा चेंबरची मेंबरशिप घ्यावी का? भोसरीतल्या एका शेडचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमची भाड्याची शेड आहे. नऊ माणसं. शीतगृहं आणि द्राक्षांच्या पॅकहाउससाठी तापमानाची नोंद ठेवणारे डेटालॉगर आम्ही बनवतो. सर्किट मी काढते, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. बिलं, जीएसटी आणि पैशांचा तगादा हेही माझ्याच गळ्यात. गेल्या काही महिन्यांत नव्याने युनिट टाकलेल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, चेंबरची मेंबरशिप घेऊन खरंच काही मिळतं का?" फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा बसून नीट लिहिते.

चेंबर म्हणजे मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर. १९३४ सालची संस्था. टिळक रोडवर जुनी वास्तू, सेनापती बापट रोडवर आयसीसी टॉवरमध्ये मोठं ऑफिस आणि सभागृहं. नावातला 'मराठा' प्रांताचा आहे, जातीचा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या शेजारच्या शेडवाल्याने "आपल्याला घेतील का?" असं मला हळूच विचारलं होतं. या एका शंकेपायी तो कित्येक वर्षं त्या दारात गेलाच नव्हता.

मीही सहजी गेले नव्हते. त्याआधी दुसऱ्या एका संघटनेची मेंबरशिप घेऊन पाहिली होती. वर्षभरात एक कॅलेंडर, एक स्नेहमेळाव्याचं आमंत्रण आणि नूतनीकरणाचे चार मेसेज एवढंच हाती आलं. त्यामुळे मराठा चेंबरचा फॉर्म भरतानाही मनात धाकधूक होती. पण केनियाची ऑर्डर आली आणि गरजच पडली.

ऑर्डर लहान होती, वीस नग. तिथल्या गुलाबाच्या शीतगृहांसाठी. आमची ती पहिली निर्यात. कस्टमचं काम बघणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटने लागणाऱ्या कागदांची यादी दिली, त्यात सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन होतं. माल भारतातच बनला आहे, असं सांगणारा हा कागद. बिगर-सवलतीच्या, म्हणजे आयात शुल्कात सूट न मिळवून देणाऱ्या, प्रकारात तो चेंबरसारख्या अधिकृत संस्थांकडून मिळतो. आता हा अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवरून होतो, तेव्हा मी कागद घेऊन स्वतः गेले होते. टेबलापलीकडच्या मुलीने इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शेजारी-शेजारी ठेवली, दोन्हीवर पेन्सिल फिरवत खाली आली आणि एका ओळीवर थांबली. "मॅडम, इथे 'टेम्परेचर डेटालॉगर' आहे आणि इथे नुसतं 'इलेक्ट्रॉनिक इन्स्ट्रुमेंट'. वर्णन दोन्हीकडे एकच करून आणा, नाहीतर तिकडच्या कस्टमला प्रश्न पडेल." चूक माझी होती. त्याच दिवशी दुपारी दुरुस्त करून नेलं. पहिल्याच निर्यातीत माल परक्या बंदरात अडकला असता तर त्या गिऱ्हाइकाने पुन्हा विचारलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. ती पेन्सिल मी विसरलेले नाही.

पण माझी मेंबरशिप खऱ्या अर्थाने वसूल झाली ती थकलेल्या पैशांच्या प्रकरणात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण छोटा कारखाना बुडतो तो ऑर्डर नाही म्हणून कमी आणि पैसे येत नाहीत म्हणून जास्त.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याबाहेरच्या एका मोठ्या कंत्राटदाराला आम्ही तीन डिलिव्हरी चलनांवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पोचपावत्यांवर, माल दिला. रक्कम ६ लाख ४० हजार. दिवाळी गेली, नाताळ गेला, पैसे नाहीत. फोन केला की "फाइल वर गेलीय", "साहेब टूरवर आहेत". माझ्याकडे दोन महिन्यांचे पगार जमतील एवढी ती रक्कम. त्या डिसेंबरचे पगार मी माझी एफडी मोडून दिले. जानेवारीत चेंबरमध्ये एमएसएमईच्या, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, थकीत पैशांवर एक सत्र होतं, तिथे गेले. सत्र संपल्यावर प्रश्न विचारणाऱ्यांची रांग होती. चिंचवडला आयुष्यभर प्रेसशॉप चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे नव्या लोकांना सल्ला देत बसले होते. मी माझी कहाणी सुरू केली तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ताई, गोष्ट नंतर. आधी पीओ दाखवा. पुढची बाजू नको, मागची."

पीओ म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली लेखी खरेदी-ऑर्डर. तिच्या मागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात. मी त्या कधीच वाचल्या नव्हत्या. चौदाव्या अटीत लिहिलं होतं, 'पेमेंट ९० दिवसांनी'. त्यांनी तिच्याखाली रेघ मारली आणि शांतपणे सांगितलं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापा नाहीतर १८० छापा, कायद्यापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. मी पंधरा वर्षं धंदा करतेय आणि हे मला माहीत नव्हतं. आमच्या सीएनेही कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी चलनं मागितली. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. मालाबद्दल तक्रार असेल तर ती समोरच्याने १५ दिवसांत लेखी करायला हवी, नाहीतर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. म्हणजे सगळा खेळ चलनावरच्या गेट इनवर्डच्या शिक्क्यावर, समोरच्याच्या गेटवर माल आत घेताना मारतात त्या. तीनपैकी दोन चलनांवर शिक्का आणि तारीख स्वच्छ होती. तिसऱ्यावर शाई इतकी फिकट की चार आहे की नऊ, कळेना. त्यांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "या एकावर ते तुम्हाला खेळवणार." नेमकं तसंच झालं.

त्यांच्या सांगण्यावरून मी घरी येऊन पत्र लिहिलं. एकच पान. चलन क्रमांक, तारीख, ४५ वा दिवस कोणता, आज किती दिवस झाले, उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक. धमकी नाही, तक्रार नाही. शेवटी एवढंच, की अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास समाधान पोर्टलवर अर्ज करून सुविधा परिषदेकडे जाऊ. थकीत पैशांच्या तक्रारींसाठीचं हे सरकारी पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं, आणि सुविधा परिषद म्हणजे अशा तक्रारींचा निकाल देणारी सरकारी यंत्रणा. परिषदेने निकाल दिला आणि समोरच्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. पत्रात हे लिहिलं नाही, पण ठाऊक असल्यामुळे फोनवरचा माझा आवाज बदलला.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट आमच्या बाजूने होती. प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी(एच) नुकतंच लागू झालं होतं. मुदतीत न दिलेले सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ३१ मार्चला थकीत दिसले, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, कर त्याला भरावा लागतो. फेब्रुवारी संपता संपता ज्यांनी चार महिने दाद दिली नव्हती, त्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला. "मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट मेल करा. मायक्रो की स्मॉल?" दोन बिलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जमा झाली. फिकट शिक्क्याचं तिसरं जूनपर्यंत लांबलं. व्याज मी मागितलं नाही. मागायला हवं होतं, असं आज वाटतं.

याच काळात दुसऱ्या एका कंपनीच्या पर्चेसवाल्याने मला गोडीत सुचवलं, की उद्यम नोंदणी काढून टाका म्हणजे ऑर्डर चालू ठेवायला सोपं जाईल. मी नाही म्हटलं. ती ऑर्डर गेली. वाईट वाटलं, पण चेंबरमध्ये आणखी चार जणांना हाच निरोप मिळाल्याचं कळलं तेव्हा निदान आपण एकटे नाही एवढं तरी समजलं. त्या खोलीत माझ्यासारखीच थकलेली माणसं होती, कुणी कास्टिंगवाले, कुणी सॉफ्टवेअरवाले, आणि सगळ्यांच्या पिशवीत तसलेच पीओ.

एक खुलासा. हे कायद्याचं संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही. आणि मध्यम गटात गेलात की तेही नाही. माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असू द्या, नंतर केलेली ऐन वेळी गोत्यात आणते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. 'संपदा' हे चेंबरचं मराठी मासिक आहे. नवी नोटिफिकेशनं मराठीत समजावून सांगणारं काही हवं असेल तर जरूर वाचा, आमचा सुपरवायझरही वाचतो. प्रशिक्षणं बरीच असतात, मी जीएसटीचं आणि निर्यातीचं केलं, दोन्ही उपयोगी. शिवाय तिथल्याच एका ओळखीतून कळलं की शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात केंद्र सरकारचं ईटीडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स चाचणी केंद्र आहे, तिथे आमच्या संदर्भ-सेन्सरचं (ज्याच्याशी बाकीचे सेन्सर ताडून बघतो त्याचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी होते. तोवर मी ते बाहेरगावी पाठवत होते.

अडचण सांगायची तर अंतराची. भोसरीहून संध्याकाळी सेनापती बापट रोडला पोचायचं म्हणजे दीड तास धरायचा. नऊ माणसांच्या शेडमधून मालकीणच अर्धा दिवस बाहेर राहिली तर त्या दिवसाचं डिस्पॅच अडतं. अशा सगळ्याच संस्थांना माझी मनापासून विनंती आहे, की छोट्यांसाठीची सत्रं एमआयडीसीत, सुट्टीच्या वारी म्हणजे आमच्याकडे गुरुवारी, आणि मराठीत ठेवा. पुण्यातल्या चकचकीत सभागृहात जायला कचरणारे हुशार फिटर-मालक मी रोज बघते.

आता तिघांच्या प्रश्नाचं उत्तर. नुसती ओळखपाळख होईल आणि ऑर्डरी मिळतील म्हणून जाणार असाल तर थांबा, मला दोन वर्षांत तिथून एकही थेट ऑर्डर मिळालेली नाही. पण तुमच्या टेबलावर एखादा अडलेला कागद असेल, थकलेलं बिल, निर्यातीचा फॉर्म, न कळलेली नोटीस, तर तो घेऊन जा. कागद हातात असेल तर तिथली माणसं वेळ देतात. मी दरवेळी नूतनीकरण केलं, यंदाही केलंय.

त्या जूननंतर आम्ही स्वतःचा एक रबरी शिक्का करून घेतला, 'माल मिळाला, दिनांक' असा, आणि निळ्या शाईचं नवं पॅड. तो आमच्या टेम्पोच्या किल्लीला बांधलेला असतो. समोरच्याच्या गेटवर शाई फिकी असेल तर आमचा ड्रायव्हर आपला शिक्का पुढे करतो, सही घेतो आणि तारीख वाचून बघितल्याशिवाय टेम्पो हलवत नाही.