तरुण पॉइंटरसाठी लांब दोरी की विजेचा पट्टा?

पॉइंटर या शिकारी कुत्र्याच्या जातीचं पिल्लू पक्ष्याच्या वासावर थबकतं, एक पाय उचलून, शेपूट ताठ करून. हे उपजतच असतं. शिकवायचं ते एवढंच, की पक्षी उडाला तरी मागे धावायचं नाही.

खारघरकडच्या माळावर त्यासाठी मला लांब दोरीच योग्य वाटते. आठ-दहा मीटरची, गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे तर हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यांना, बांधलेली. झुडपात अडकते, खरंय. पण कुत्रा थबकला की दोरीवरून हात सरकवत शांतपणे त्याच्यापर्यंत जाता येतं, पाठीवर हात ठेवून शाबासकी देता येते.

विजेचा पट्टा, म्हणजे रिमोटचं बटण दाबताच कुत्र्याच्या गळ्याला झटका देणारा पट्टा, लांबून चालतो, हात मोकळे राहतात. मात्र धक्क्याची वेळ जराशी चुकली की कोवळा कुत्रा वेदनेचा संबंध पक्ष्याशी जोडतो आणि पुढे वास येऊनही तोंड फिरवतो. ते सुधारणं फार अवघड. शिवाय पट्टा फार वेळ राहिला की त्याच्या झटका देणाऱ्या धातूच्या टोकांनी कातडी सोलवटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर-लाव्यांची शिकार गुन्हा आहे, म्हणून सराव पिसं बांधलेल्या डमीवरच करावा. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तेव्हा तर दोरी हातातून सोडूच नये.