समुद्रकाचेची कानातली: दोन महिन्यांच्या वापरानंतर
लातूरच्या एका हस्तकला प्रदर्शनात घेतलेली समुद्रकाचेची कानातली मी दोन महिने वापरते आहे. फुटक्या बाटल्यांचे तुकडे लाटा आणि वाळू यांच्यात वर्षानुवर्षे घासले जाऊन ही काच तयार होते, त्यामुळे तिच्या धुरकट पृष्ठभागावर बारीक चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. माझ्या हिरव्या जोडावर त्या भिंगातून स्पष्ट दिसल्या. (मराठवाड्यात भिंग घेऊन समुद्र शोधणारे गिऱ्हाईक पाहून विक्रेतीला हसू आले.) शेजारचे निळे तुकडे मात्र इतके एकसारखे होते की ते यंत्रात घोळवलेले असावेत असा संशय आला, आणि विचारल्यावर तिने ते प्रांजळपणे मान्य केले. तारेची गुंफण सुबक आहे; कानातला आकडा मात्र घामाने पंधरा दिवसांतच काळवंडला, म्हणून चांदीचा बसवून घ्यावा लागला.