काजूचा उतारा आणि आपोआप रंगणारी ओळ: गुगल शीट्सचं कंडिशनल फॉरमॅटिंग

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

वेंगुर्ल्याजवळ आमचा लहानसा काजू कारखाना आहे. कारखाना सासरे, म्हणजे अण्णा, बघतात, हिशेब माझ्याकडे. मार्च ते मे बी खरेदी करायची आणि पुढे वर्षभर ती उकडायची, फोडायची, भट्टीत सुकवायची, सोलायची, निवडायची. प्रत्येक लॉटची नोंद गुगल शीट्समध्ये होते: बी कोणाची, कुठल्या जातीची, किती किलो, अख्खा गर किती, पाकळी किती, तुकडा किती, उतारा (बीच्या वजनातून निघालेला गर) किती टक्के. शेकडो ओळींतून उतारा पडलेला लॉट नुसत्या नजरेने शोधायचा म्हणजे डोळ्यांची वाट. आपण घातलेल्या अटीत आकडा बसला की सेल आपोआप रंगवणारी ही सोय मला लागते ती त्यासाठी.

फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग निवडलं की उजवीकडे पट्टी उघडते. भाग निवडा, अट निवडा, रंग निवडा, झालं. पण '25 पेक्षा कमी' अशी तयार अट लावली तर फक्त उताऱ्याचा सेल लाल होतो. बी कोणाची हे बघायला नजर परत डावीकडे न्यावी लागते आणि मध्येच ओळ चुकते. त्यामुळे मी यादीतली अगदी शेवटची अट वापरते, कस्टम फॉर्म्युला. अख्खा तक्ता निवडायचा आणि सूत्रात उताऱ्याच्या कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह द्यायचं. ओळीच्या आकड्याआधी द्यायचं नाही. मग ओळीतला प्रत्येक सेल उताऱ्याकडेच बघतो आणि पूर्ण ओळ रंगते. डॉलर द्यायचा राहिला तर जो तो भलत्याच कॉलमकडे बघतो आणि शीटचा शिमगा होतो. शिवाय सूत्रात रिकामा सेल शून्य धरला जातो, म्हणजे अजून न भरलेल्या ओळीही लाल. तिथे 'सेल रिकामा नसेल तर' ही अट अँड फंक्शनने जोडून द्यायची.

आता 25 हा आकडाच सगळ्यांना कसा लावायचा? इथल्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींत गराचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास असतं. त्यांचा उतारा 26 आला तरी मला शंका येते. गावठी बीचा 26 आला तर मी खूश. मर्यादांची यादी दुसऱ्या शीटवर ठेवली तर तिथला आकडा नियमात थेट घेता येत नाही, इनडायरेक्ट फंक्शन मध्ये घालावं लागतं. त्यापेक्षा त्याच तक्त्यात 'मर्यादा' असा एक कॉलम वाढवावा आणि उतारा त्याच्याशी ताडावा. सूत्र आखूड राहतं, आणि मर्यादा बदलायची झाली तर नियमाला हात लावावा लागत नाही.

"ह्या लाल कित्याक झाला गो?" असं अण्णा विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं, शीटकडेही नसतं. बी पोचट असेल, नीट वाळली नसेल, नाहीतर फोडताना तुकडा जास्त पडला असेल. अण्णा त्याच गोणीतल्या मूठभर बिया काढतात, अडकित्त्याने मधोमध कापतात आणि आतला गर टरफलाला सोडून आक्रसलाय का ते बघतात. कुठली गोणी उघडायची एवढं मात्र आता त्यांना आधी कळतं.

उधारीच्या शीटला ही सोय त्याहून जास्त कामाची. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. आमचे बहुतेक व्यवहार कराराचे. म्हणून आजची तारीख देणाऱ्या टुडे फंक्शनमधून मालाची तारीख वजा करायची: 30 च्या वर पिवळा, 45 च्या वर लाल. इथे नियमांचा क्रम सांभाळा. वरून पहिला जो नियम खरा ठरतो त्याचाच रंग लागतो, त्यामुळे लाल नियम वर हवा. पिवळा वर राहिला तर दोन महिने थकलेला व्यापारीही पिवळाच दिसेल. लाल नियमाला मी ठळक अक्षरही दिलंय, कारण आमचा प्रिंटर काळा-पांढरा.

कलर स्केल म्हणजे फिक्यापासून गडदपर्यंतच्या छटा. दिसायला छान, पण मला 'उघड किंवा राहू दे' एवढंच हवं असतं, छटेवरून काही ठरत नाही.

तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. लाल ओळी किती, हे रंगावरून मोजणारं फंक्शन शीट्समध्ये नाही. तीच अट मोजणीच्या सूत्रात परत लिहावी लागते. आणि साधं कॉपी-पेस्ट केलं की आकड्याबरोबर नियमही जातो, मग पट्टीत एकाच नियमाची पिल्लं दिसायला लागतात. कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने फक्त आकडा चिकटवायची सवय लावून घ्या.

पावसात ज्यांच्या गावचं नेट चार-चार दिवस गायब असतं त्यांनी लिब्रेऑफिस कॅल्क घ्यावं. तेही फुकट, नेट लागत नाही, आणि शीट्सच्या नियमांत नसलेले डेटा बार त्यात आहेत. आम्ही शीट्सवरच राहिलो, कारण आमचे सीए कुडाळला बसून हीच शीट उघडतात आणि लाल व्यापाऱ्यांना पत्रं तिकडूनच जातात.