कुंडलिकेवर ‘दुपारची बॅच’ घेऊ नका

कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून वाहत्या पाण्यात उतरायला, जायचं ठरवत असाल आणि कुणी तुम्हाला दुपारची वेळ देत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. जानेवारीत आम्ही घरचे सहा जण फसलो. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याचा पाय नदीत अडकला होता ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जाहिरात मोबाइलवर दिसली. पांढऱ्या फेसातून उसळणारी राफ्ट, 12 किलोमीटर, माणशी 1400 रुपये, जेवण त्यातच. फोनवरचा माणूस फार गोड बोलला. "सकाळी गर्दी असते मॅडम, तुम्ही पुण्याहून येणार, पहाटे धावपळ कशाला? दोनची बॅच देतो, निवांत या." आम्हाला ते सोयीचंच वाटलं. 5000 रुपये आगाऊ भरताना स्क्रीनवर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. ताई म्हणाली, "हा कोण गं?" मी विचारलं, तर म्हणे आमचा अकाउंटंट. मी तिथेच थांबायला हवं होतं.

ताम्हिणी घाटाने निघालो. वाटेत मुळशीच्या जलाशयापाशी उतरून फोटो काढले. कुंडलिकेचं पाणी इथूनच येतं हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तेच हे धरण. त्याचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात, 1927 पासून तिथे वीज तयार होते, आणि वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात. पावसाळा सरला की राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. पाणी सकाळी येतं, राफ्ट त्याच्याबरोबर खाली जातात, आणि दुपारी नदी उघडी पडते. ज्याने आम्हाला दोनची वेळ विकली त्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी याला गैरसोय म्हणत नाही, फसवणूक म्हणते.

पोचल्यावर आधी उरलेले 3400 रोख मागितले, तेही नदी दिसायच्या आत. मग कपडे-सामान ठेवायचे माणशी 50, व्हिडिओचे 600. जेवण? "ते सकाळच्या बॅचला असतं."

लाइफ जॅकेटं एका पत्र्याच्या शेडमध्ये ढिगाने पडली होती, ओली आणि कुबट वास मारणारी. मला दिलेल्या जॅकेटाचं मधलं बक्कल तुटलेलं होतं, त्याजागी निळी नायलॉनची सुतळी बांधली होती. भाच्याचं जॅकेट त्याला इतकं ढगळ, की खांद्याला धरून वर उचललं तर थेट कानांपर्यंत यायचं. म्हणजे मुलगा पाण्यात पडला असता तर जॅकेट वर तरंगलं असतं आणि तो खाली गेला असता. भाओजींनी दुसरं मागितलं, तर "काही होत नाही साहेब, पाणी गुडघाभर आहे" असं उत्तर आलं.

आणि खरंच गुडघाभर होतं. शंभरेक मीटर गेलो नाही तोच राफ्ट खडकांवर बसली. गाइड म्हणून आलेला विशीतला पोरगा म्हणाला, "उतरा आणि ढकला." उथळ असलं तरी पाण्याला ओढ होती. दोन दगडांच्या सापटीत भाच्याचा पाय घोट्यापर्यंत गेला आणि पाणी मागून त्याला पुढे रेटायला लागलं. तो "मावशी" एवढंच ओरडला. भाओजींनी त्याला काखेत धरून मागे ओढलं, मी पाण्यात हात घालून चपलेचा पट्टा सोडवला, तेव्हा पाय निघाला. चप्पल अजून तिथेच असेल. वाहत्या, खडकाळ पाण्यात उभं राहायचं नसतं. पडलात तर उताणं होऊन, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जायचं असतं. हे निघण्याआधी सांगायला हवं होतं. त्या पोराकडे फेकायला साधा दोरसुद्धा नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं.

पैसे परत मागितले तर फोन उचलेनात. रस्त्यावरच्या चहावाल्या मावशींनी भाच्याला हळद लावायला दिली आणि म्हणाल्या, "पाणी सकाळीच गेलं की, आता कसली राफ्टिंग?" त्या रात्री माणगावला नातेवाइकांकडे राहिलो. सकाळी नऊच्या सुमाराला मुद्दाम नदीवर गेलो. कालचे खडक दिसतसुद्धा नव्हते. हिरवंगार पाणी काठोकाठ धावत होतं, एकामागून एक राफ्ट जात होत्या, आणि प्रत्येकाचं जॅकेट अंगाला घट्ट बसलेलं होतं. नीट काम करणारे लोक तिथे आहेत, हेही सांगायलाच हवं.

आमचे एकूण 9300 रुपये गेले, वर बाहेरच्या जेवणाचे वेगळे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण पावती नसल्याने अडतंय. तुम्ही पावती घ्या, जाहिरातीचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. आमच्याशी बोलणाऱ्याने आपले सगळे मेसेज रातोरात पुसले. आणि बुकिंगआधी एकच विचारा: पाणी किती वाजता सुटतं आणि आमची राफ्ट किती वाजता निघते?

ती जाहिरात काल पुन्हा दिसली. फोटो तोच आहे, खाली लिहिलंय, "दुपारच्या बॅचसाठी मोजक्या जागा शिल्लक".